एका क्रियाविशेषणाची कैफियत

दिवाळी अंकातली समीक्षा वाचणारा माणूस हातातली चकली खाली ठेवीत नाही, आणि त्याने ती ठेवावी असे मलाही वाटत नाही. म्हणून यंदा कादंबरीचे स्वरूप, नवकाव्याची दुर्बोधता असा भारदस्त विषय न घेता मी एक शब्दच परीक्षणाला घेतला आहे. तोही परक्या मुलखातला, कोरियन. आणि त्यातून क्रियाविशेषण! शब्दांच्या जातींत क्रियाविशेषणाला मान बेताचाच. नाम हा घरातला कर्ता, क्रियापद ही घर चालवणारी बाई, विशेषण म्हणजे सणाला माहेरी आलेली लेक. क्रियाविशेषण मात्र पंगतीच्या कडेला पाट मिळालेल्या दूरच्या पाहुण्यासारखे. 'कसे?' या प्रश्नाचे उत्तर दिले की त्याचे काम संपले. लेखनाचे धडे देणारे तर बजावतात की, नेमके क्रियापद सापडले नाही म्हणजेच लेखक क्रियाविशेषणाकडे वळतो. शाळेत शिकवीत असताना मुलांच्या निबंधांत उगवलेली 'अतिशय'ची आणि 'एकदम'ची रोपे मी स्वतः लाल शाईने उपटीत असे, आणि आजही हाती निबंध आला तर उपटीन. परंतु काही रोपे माजली म्हणून सगळी जातच दोषी धरावी, हे न्यायाचे नाही. ज्या शब्दाची कैफियत मी मांडणार आहे तो वाक्यातून काढला तर मागे उरते ते निराळेच वाक्य असते.

शब्द आहे 'एस्सॉ'. यातला 'स' साधा नव्हे. कोरियन भाषेत एक सैल 'स' आहे आणि एक कसलेला. कसलेला 'स' उच्चारताना घसा किंचित आवळावा लागतो आणि हवा सांडू द्यायची नसते. 'रस्सा', 'किस्सा' म्हणणाऱ्या जिभेला तो फारसा जड जात नाही. शेवटचा स्वर आपल्या 'अ'च्या आणि 'ऑ'च्या मधला कुठला तरी. तो देवनागरीत नीट बसत नाही, तेव्हा वाचकांनी जिभेने थोडे समजून घ्यावे.

साठी उलटल्यावर मी ही भाषा शिकावयास घेतली त्याचे निमित्त वाङ्मयीनच होते. हान कांग या लेखिकेच्या 'शाकाहारी' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला, २०१६ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, आणि मागोमाग त्या अनुवादावर वाद झाला. मूळ गद्य अंग चोरून बसणारे आहे, इंग्रजीत मात्र त्याच्यावर क्रियाविशेषणांचे आणि जोरकस शब्दांचे दागिने चढविले गेले, हा त्यातला एक आक्षेप. क्रियाविशेषणांवरून एवढे रण माजलेले पाहून माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मूळच वाचावे असे मनाने घेतले. पुढे २०२४ साली हान कांगला नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर मी वर्गात जाऊ लागले होते. बरोबरची मुलेमुली निराळ्या कारणांनी येत. रांजणगावला, तळेगावला कोरियन कारखाने आहेत, दुभाष्यांना काम मिळते. काहींना कोरियन मालिकांचे वेड. ज्यांना मी सहज आजी शोभले असते ती सगळी मला 'काकू' म्हणत, हा त्यांचा चांगुलपणा.

मराठी माणसाला कोरियन शिकताना एक सुख लाभते. त्याची कल्पना इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांना नसते. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते हे तर आहेच. पण त्याहून गमतीचे म्हणजे आपल्या 'ऊन'सारखी एक जोडणी तिथेही आहे. 'खाऊन पाहा' हे आपण जसे म्हणतो तसेच, याच क्रमाने, 'पाहणे' हेच क्रियापद लावून कोरियन माणूस म्हणतो. 'लिहून ठेव', 'करून टाकले', 'करून दे' या साऱ्यांना तिथे जुळी भावंडे आहेत. पुस्तकाने ज्या प्रकरणाला दहा पाने दिली होती ते आमच्या वर्गाने अर्ध्या तासात संपविले. 'एस्सॉ' हा शब्दही असाच 'ऊन'चा आहे. 'ए' हे नाम, 'स्सुदा' म्हणजे वापरणे, खर्च करणे हे क्रियापद. दोन्ही मिळून 'एस्सुदा', आणि त्याचे 'ऊन' लावलेले रूप ते 'एस्सॉ'. म्हणजे 'ए खर्चून'.

आता हा 'ए' कोण?

आजच्या कोरियन भाषेत तो एकटा फारसा हिंडताना दिसत नाही; ठरावीक क्रियापदांच्या सोबतीनेच भेटतो. 'ए' जळतो, म्हणजे जीव टांगणीला लागतो. 'ए' सुकतो. 'ए' खावा लागतो, म्हणजे नाकी नऊ येतात. आजचे कोश त्याचा अर्थ देतात: काळजीने व्याकूळ झालेले मन. पण जुन्या कोरियन भाषेत 'ए' म्हणजे साक्षात आतडे. ही गोष्ट कळली तेव्हा मला एखादा हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखे झाले. आपलीही माया आतड्यात राहते. लेकीसाठी आपले आतडे तुटते, बातमी ऐकून पोटात गोळा येतो, माणूस कळवळून बोलू लागला की पोटतिडकीने बोलतो. पाश्चात्त्यांनी साऱ्या भावनांची गठडी हृदयात नेऊन ठेवली. आपण आणि कोरियन लोकांनी तिच्यातला बराच ऐवज पोटातच राहू दिला.

कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जॉल्ला प्रांतात, पाकटाच्या जातीचा एक मासा आंबवून मोठ्या आवडीने खातात. त्या माशाच्या पोटातल्या काळजाला तिकडे आजही 'ए'च म्हणतात आणि त्याची कढण करतात. ग्रंथात मेलेला शब्द स्वयंपाकघरात जगतो, तो असा.

काव्यातला 'ए' त्याहून प्रसिद्ध आहे. यी सुन-शिन (१५४५–१५९८) हा कोरियाचा नावाजलेला दर्यासारंग. १५९२ साली हानसान बेटाजवळच्या लढाईत त्याने जपानी आरमाराची दाणादाण उडविली. त्याच्या नावावर एक तीन ओळींची कविता आहे, ती तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. चांदण्या रात्री तो बेटावर पहाऱ्यावर बसलेला असतो आणि कुठून तरी पाव्याचा सूर येतो. सेनापतीच्या 'ए'चे जे होते ते सांगून कविता थांबते. काय होते हे मी सांगावयास नको. आपल्याकडे आतडे तुटते, तिकडे ते कापले जाते, एवढाच फरक. ही कल्पना चीनमध्येही जुनी आहे. यांगत्सेच्या घळींतून नावा जात असता एका शिपायाने माकडीचे पिल्लू पकडले, ती काठाकाठाने धावत आली आणि अखेर नावेत उडी घेऊन मेली. पोट फाडून पाहिले तो आतडी तुकडे तुकडे झालेली. पाचव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ही कथा आहे. तिच्यातला 'छिन्न आतडे' हा शब्द कोरियन युद्धानंतरच्या, १९५६ सालच्या एका गाण्याच्या नावातही आला. सेऊलच्या ईशान्येची मियारी खिंड ओलांडून ज्यांना उत्तरेकडे धरून नेले त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचे ते गाणे.

'ए' कापला जातो, जळतो, सुकतो. या सगळ्यांत माणसावर काहीतरी ओढवत असते. 'एस्सॉ'मध्ये मात्र तो स्वतः होऊन ते आतडे कामाला लावतो. माझ्या मते या शब्दाची सगळी गोम इथे आहे, आणि कोशकारांनी तिच्यावरून नुसता हात फिरविला आहे.

कोशात 'एस्सॉ'चा अर्थ साधारण असा दिलेला असतो: मन आणि बळ पणाला लावून काही साधण्यासाठी झटून. अर्थ चुकीचा नाही. 'एस्सॉ' मिळविलेला पैसा, 'एस्सॉ' वाढविलेले पीक, 'एस्सॉ' रांधलेले अन्न असे प्रयोग सर्रास होतात. पण पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचीत गेले तसे मला दिसू लागले की, या शब्दाची खरी ऊठबस निराळ्याच क्रियापदांशी आहे. माणसे 'एस्सॉ' हसतात. 'एस्सॉ' दुसरीकडे पाहतात. 'एस्सॉ' विसरतात, 'एस्सॉ' शांत राहतात, ठाऊक असलेली गोष्ट 'एस्सॉ' ठाऊक नसल्यासारखी करतात. इथे साधावयाचे काय आहे? काहीच नाही. उलट, होऊ पाहणारे काहीतरी होऊ द्यावयाचे नाही. डोळे भरून येत आहेत ते येऊ द्यावयाचे नाहीत, एवढ्यासाठी सगळे बळ लागले आहे. कोशातली व्याख्या शेतकऱ्याला लागू पडते. स्टेशनवर मुलाला निरोप देणाऱ्या बापाला ती लागू पडत नाही, आणि शब्द तर दोघांचाही आहे.

त्याचे शेजारी पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. 'यॉलशिम्ही' हा शब्द कोरियन शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात भेटतो. तो चिनी वळणाचा. तप्त मनाने, असा त्याचा अक्षरार्थ. अभ्यास 'यॉलशिम्ही' करावयाचा, काम 'यॉलशिम्ही' करावयाचे. नोकरीवर रुजू होणारा तरुण सर्वांसमोर वाकून 'यॉलशिम्ही करीन' असे म्हणतो. हा चारचौघांत मिरवता येणारा कष्ट आहे. १९७० साली राष्ट्राध्यक्ष पाक चुंग-ही यांनी खेडी सुधारण्याची जी मोठी चळवळ सुरू केली तिच्या तीन ब्रीदांत उद्योगशीलता पहिली होती. घोषणा कोणत्याही शब्दाच्या बनोत, त्यांचा सूर 'यॉलशिम्ही'चा होता. आता त्या सुराला नातवंडे कंटाळली आहेत. 'प्रयत्न' या अर्थाचा 'नोर्‍यॉक' हा शब्द आहे. गेल्या दशकाच्या मध्यावर बेकारीने गांजलेल्या तरुणांनी त्याचा पहिला स्वर मुद्दाम लांबवून 'नोऽऽर्‍यॉक' असा एक टवाळ शब्द केला. वडीलधारे 'आणखी प्रयत्न करा' म्हणतात ना, त्यांना दिलेले हे उत्तर. एका स्वराच्या लांबीत एवढा राग मावतो याचे मला कौतुक वाटले. 'एस्सॉ'ची मात्र अशी टवाळी झालेली माझ्या वाचनात नाही. जो शब्द कधी फलकावर चढलाच नाही त्याला खाली कोण ओढणार?

'क्यॉउ' हा दुसरा शेजारी. म्हणजे कसाबसा, जेमतेम. त्याला निकालाशी कर्तव्य असते: गाडी 'क्यॉउ' मिळाली, म्हणजे मिळाली. 'एस्सॉ'ला निकालाची फिकीर नाही. 'एस्सॉ आवरले, पण डोळ्यांत पाणी आलेच' हे वाक्य कोरियनमध्ये अगदी सरळ आहे. आवरणे फसले तरी खर्च झाला तो झालाच.

आणि तिसरा, 'ऑक्चिरो'. याच्याशी 'एस्सॉ'ची गल्लत होऊ देता कामा नये. बळजबरीने, मनाविरुद्ध, ओढूनताणून, असा त्याचा अर्थ. मूल औषध 'ऑक्चिरो' पिते. आता 'ऑक्चिरो हसली' आणि 'एस्सॉ हसली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्या वाक्यातले हसू खोटे आहे आणि सांगणाऱ्याला ते आवडलेले नाही. दुसऱ्यातले हसूही आतून आलेले नाही. पण सांगणारा तिच्या बाजूला बसलेला आहे. ती कुणासाठी तरी हसली, तिला ते महाग पडले, आणि तिने लपविलेले याने पाहिले, हे सगळे त्या दोन अक्षरांत आले. क्रियाविशेषण क्रियेचा प्रकार सांगते असे आपण शाळेत शिकतो. इथे ते पाहणाऱ्याचे मनही सांगते.

वर्गात एकदा वाक्य आले: आई 'एस्सॉ' हसली. (कोरियन माणूस आईच्या हसण्यालाही आदरार्थी प्रत्यय लावतो. आपण वडिलांना 'अहो' म्हणतो आणि आईला 'अगं'. त्यात आईचा मान कमी होतो की जवळीक वाढते, हा वाद मी दिवाळीत काढीत नाही.) याचे मराठी करावयाचे होते. 'आई मुद्दाम हसली' असे एकाने केले; ती तर खोडकर मुलगी झाली. 'आई प्रयत्नपूर्वक हसली' हे आकाशवाणीच्या बातम्यांतले हसू. 'कष्टाने हसली' म्हटले की तिला दम्याचा विकार असावासे वाटते. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आईने उसने हसू आणले." वर्गाने मान डोलाविली. मराठी म्हणून ते उत्तमच आहे. पण मला त्या 'उसने'पाशी अडखळल्यासारखे झाले, आणि ते अडखळणे मला आजही महत्त्वाचे वाटते.

उसने हे शेजारून आणावयाचे असते. साखर संपली, वाटी घेऊन गेलो, आणली. आपल्या भाषेने पाहिले की बाईच्या घरात हसू शिल्लक नाही, तेव्हा ते दुसऱ्या कुणाचे तरी असणार. कोरियन भाषेचा हिशेब याच्या उलट. तिच्या मते त्या बाईने हसू कुठूनही आणलेले नाही. स्वतःचे आतडे मोडून तिने ते घरीच केले आहे. एका भाषेला त्या हसण्यात परकेपणा दिसला, दुसरीला खर्च दिसला. दोन्ही दृष्टी खऱ्या असतील; पण त्या हसणाऱ्या बाईला विचारले तर ती कुठली खरी म्हणेल याविषयी मला शंका नाही.

मग मराठीत खर्चाचा शब्द नाहीच काय? आहे, आणि फार चांगला आहे: 'खपून'. दोन दिवस खपून केलेल्या करंज्या, उन्हातान्हात खपून बांधलेले घर. खपणे म्हणजे राबणे, आणि खपणे म्हणजे संपून जाणेही. 'एस्सॉ'प्रमाणेच तो 'ऊन'चा आहे, 'एस्सॉ'प्रमाणेच त्यात माणूस स्वतः वापरला जातो. 'एस्सॉ रांधलेले अन्न' याला 'खपून केलेला स्वयंपाक' याहून बरे मराठी नाही. एवढेच की, कोरियन वाक्यात हा प्रयोग पुष्कळदा अशा ठिकाणी येतो की पुढे काहीतरी वाया जाणार आहे: 'एस्सॉ' रांधले आणि कुणी जेवलेच नाही, 'एस्सॉ' वाढविलेले पीक पुरात गेले. आपले 'खपून'ही त्या जागी चपखल बसते. पण 'आई खपून हसली' असे मराठीत म्हणता येत नाही. कान लगेच नकार देतो. का देतो? कारण करंज्या हे काम आहे आणि हसणे हे काम नाही, असे मराठीने मनाशी ठरवून टाकले आहे. एकाला 'खपून', दुसऱ्याला 'उसने', मधे भिंत. कोरियन भाषेने ती भिंत घातलीच नाही. पीक वाढविणे आणि रडू आवरणे ही तिच्या लेखी एकाच जातीची मजुरी आहे. ज्या घरांत आजारपण वर्षानुवर्षे मुक्कामाला असते, तिथल्या बायकांना हे शिकविण्यासाठी कोरियन शब्दाची गरज नाही. त्यांच्या भाषेला मात्र आहे.

इथवर शब्दाची बाजू मांडली. आता समीक्षकाचे कर्तव्य म्हणून त्याच्या विरुद्ध जे म्हणावयाचे तेही म्हणते. 'एस्सॉ' हा बोलण्यात जितका मोलाचा, तितका कथेत धोक्याचा. तो वापरला की लेखकाने पात्राच्या पोटात हात घातला आणि वाचकाला काय सापडले ते सांगून टाकले. वाचकाने शोधावयाचे ते आयते मिळाले. यासाठी मी एका कथेचा दाखला देते. ती कोरियात जवळजवळ प्रत्येकाने शाळेत वाचलेली असते आणि आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

ह्यॉन जिन-गॉन (१९००–१९४३) या लेखकाची 'नशीबवान दिवस' या अर्थाच्या नावाची ही कथा १९२४ साली 'केब्यॉक' मासिकात आली. तेव्हा कोरिया जपानच्या अमलाखाली होता. सेऊलमधला एक माणसांनी ओढावयाच्या रिक्षाचा गाडीवान, किम चॉमजी. बायको महिन्याभरापासून खोकते आहे. औषधाचे नाव नाही. आज बाहेर जाऊ नका, असे तिने सकाळी विनवले, पण तो गेला. कित्येक दिवस हात रिकामे होते, आणि आज पावसात गिऱ्हाईक लागोपाठ मिळते: आधी तीस जॉन, मग पन्नास, मग स्टेशनपर्यंतचे दीड वॉन! बायकोला गुरांच्या हाडांचे सूप खाण्याची वासना झाली होती. आज ते नेता येईल. रिक्षा ओढताना त्याचे पाय घराजवळ आले की जड होतात, घर मागे पडले की पुन्हा हलके होतात. दिवस मावळतो, पैसे खिशात आहेत, आणि हा गृहस्थ घरी जात नाही. मित्राला गाठून पिठ्यात बसतो. पितो, पैसे फेकतो, बायको मेली म्हणून रडतो, आणि लगेच खोटे सांगितले म्हणून हसतो.

या माणसाला ठाऊक आहे. पहिल्या पानापासून ठाऊक आहे. ते ठाऊक नसण्यासाठी त्याने दिवसभर जे कष्ट केले त्यांच्यापुढे रिक्षा ओढण्याचे कष्ट काहीच नव्हेत. 'एस्सॉ'चा अर्थ मला कुणी विचारला तर मी कोश न दाखविता ही कथा दाखवीन. जड आणि हलके होणारे पाय, मित्राला सोडू न देणारा हात, रडण्यातून एकदम फुटणारे हसू. या जागा कुठल्याही क्रियाविशेषणावर उभ्या नाहीत आणि म्हणूनच वाचक स्वतःच्या पोटात काहीतरी आवळल्यासारखे होऊन वाचीत राहतो.

शेवटी तो सूप घेऊन घरी येतो. खोकला ऐकू येत नाही. दारातच तो बायकोला शिव्या देत ओरडतो, नवरा आला तरी बाहेर येत नाहीस म्हणून. आणि इथे ह्यॉन जिन-गॉनसारखा कसलेला लेखकही एक वाक्य जास्त लिहितो. ही आरडाओरड म्हणजे अंगावर चालून येणारी भीती हाकलण्यासाठी आणलेला उसना जोर होता, असे तो मध्ये येऊन समजावून सांगतो. माझे स्पष्ट मत आहे की कथेत एवढे एकच वाक्य खोडावयाचे होते. शिव्या देणारा माणूस भ्यालेला आहे हे कळण्यासाठी आम्ही इतका वेळ त्याच्याबरोबर पावसात हिंडलो नव्हतो काय? त्याच्या जरासेच आधी मात्र लेखकाची लेखणी सावध आहे. खोलीत आवाज आहे तो फक्त मूल आईला पीत असल्याचा, आणि नीट ऐकले तर चोखण्याचा आवाज आहे पण घोट गिळल्याचा नाही. संपले. कुठलाही उद्गार नाही. या एका श्रवणासाठी मी ह्यॉनला ते जास्तीचे वाक्य माफ करते.

किम सोवॉल (१९०२–१९३४) याच्या रानफुलांच्या प्रसिद्ध कवितेविषयीही हेच म्हणता येईल. सोडून जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर फुले पसरून, मेले तरी रडणार नाही असे सांगणारी ती स्त्री. तिचे ते न रडणे किती महाग आहे हे कवीने मोजून दाखविले असते तर कविता तिथेच संपली असती.

वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द निःसंकोच वापरावा, अशा मताची मी आहे. तिथे तो निराळेच काम करतो. अमुक अधिकाऱ्यांनी कामगारांच्या मृत्यूंकडे 'एस्सॉ' पाठ फिरविली, असे अग्रलेखात येते तेव्हा त्यात सहानुभूतीचा लवलेश नसतो. दिसले नाही ही सबब त्या शब्दाने काढून घेतलेली असते: दिसले होते, आणि न पाहण्यासाठी तुम्ही मेहनत घेतली. आईच्या हसण्यात ज्याने तिची बाजू घेतली तोच शब्द इथे फिर्यादी होतो. मराठीत आपण 'जाणूनबुजून दुर्लक्ष केले' म्हणतो, ते ठीक आहे; पण त्यात हेतू कळतो, मेहनत कळत नाही. 'खपून दुर्लक्ष केले' असे एखाद्या धीट संपादकाने एकदा छापून पाहावे. माझ्या कानाला ते अजिबात वावगे वाटत नाही.

राहता राहिला या क्रियाविशेषणाच्या मूळ क्रियापदाचा एक उपयोग. तो पुस्तकापेक्षा घरात अधिक ऐकू येतो. हिवाळ्याच्या तोंडावर कोरियन घरांत वर्षाची किमची घालतात. कोबीचे ढीगच्या ढीग मिठात मुरवावयाचे, धुवावयाचे, पानापानात मसाला भरावयाचा. चार घरच्या बायका जमून दिवसभर कंबर मोडून घेतात. या सामूहिक उद्योगाला २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. संध्याकाळी काम आटोपले की घरातली वडील बाई सुनेला किंवा शेजारणीला एवढेच म्हणते: 'एस्सॉत्ता.' ए खर्चलास. हाच शब्द मयताच्या घरी सगळे विधी उरकल्यावर, तीन दिवस न रडता पाहुण्यांची उठाठेव करणाऱ्या मुलीलाही म्हणतात. बहुधा वडिलांनी धाकट्याला म्हणावयाचा, किंवा बरोबरीच्याने बरोबरीच्याला. आभार नव्हेत, शाबासकीही नव्हे.

आमच्या वर्गात याचे मराठी 'कष्ट घेतलेस', 'मेहनत केलीस' असे झाले, आणि बाईंनी ते मान्यही केले. मी माझ्या वहीत ते लिहिले नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आधी रात्री उशिरा शेवटचा घाणा निघतो, कढई उतरते, आणि सासू, आई नाहीतर मोठी जाऊ भिंतीला टेकून बसलेल्या बाईला हळूच जे म्हणते तेच मी लिहिले आहे: "दमलीस गं."